मगरिबनंतरचा टाइमआउट

शशिकांतने दोन्ही तळवे एकमेकांवर धरून इंग्रजी टी केला आणि बर्फाच्या कडेच्या कठड्यावरून पुढे झुकून तो म्हणाला,

"टाइमआउट."

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या अहिल्येने मान वळवली. तिने घाई केली नाही. हातातल्या पाण्याच्या बाटलीला झाकण लावलं, बाटली बाकावर ठेवली, आणि मग पंच हैफाकडे बघून भिंतीवरच्या दोन घड्याळांकडे बोट केलं.

"आमचं घड्याळ चालू आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

हैफाने वर पाहिलं. डावीकडचे लाल आकडे उतरत होते, उजवीकडचे थिजले होते. काळ्या अबायाखाली पांढरे खेळाचे बूट घालणारी ही सौदी तरुणी नियम मोडणाऱ्यालाही हसूनच सांगायची. आताही ती हसत शशिकांतजवळ गेली. ज्याचं घड्याळ चालू असेल त्यानेच टाइमआउट मागायचा. दुसऱ्याच्या वेळात मागितला तर मिळत नाही, आणि मागितला म्हणून तो वापरल्यात जमा होतो. सामन्यात एका संघाला एकच. खलास.

बर्फावरून रुचिराने, शशिकांतच्या मुलीने, बापाकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. ते आता विचारता येणार नव्हतं, कारण टाइमआउटशिवाय प्रशिक्षकाने मुलींशी खेळाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, हाही नियमच होता.

"बरोबर आहे तिचं," शशिकांत हैफाला म्हणाला, आणि अहिल्येच्या दिशेने त्याने जराशी मान लववली.

अहिल्येने बाटलीचं झाकण पुन्हा उघडलं. पाणी गोड लागलं.

मागच्या बाकावर शाल गुंडाळून बसलेल्या बदरुन्निसाने तिच्या कुडत्याचं टोक ओढलं. बदरुन्निसा दाभोळची, तिची मुलगी लाइबा अहिल्येच्या संघाची कप्तान होती.

"काय गो झाला? बोलू नाय दिलंस त्याला?"

"नियम आहे."

"तुझ्या तोंडावर नियम नाय दिसत. मांजरीला सुकट गावल्यागत दिसतेस."

अहिल्या हसली नाही, पण तिने नाहीही म्हटलं नाही.

सौदीतल्या खोबर शहरातल्या या मॉलमध्ये बर्फाचं मैदान होतं, त्यावर एरवी वाढदिवसाची पोरं घसरून पडत. त्या हिवाळ्यात क्रीडाखात्याच्या लोकांनी तिथे मुलींच्या शाळांसाठी कर्लिंगच्या स्पर्धा ठेवल्या. ग्रॅनाइटचा जड दगड मुठीला धरून बर्फावर सोडायचा, पुढे दोघींनी झाडूने बर्फ घासत त्याला वाट करून द्यायची, आणि पलीकडे आखलेल्या वर्तुळांच्या मध्याशी ज्याचा दगड जवळ, त्याचा गुण. बदरुन्निसाचं म्हणणं, घरात पोरीला झाडू घे म्हटलं तर तोंड वाकडं करते, न् इथं झाडू मारला की मेडल देतात. दोन्ही भारतीय शाळांच्या पीटी शिक्षकांनी हात वर केले होते, त्यामुळे पालकांतूनच कुणी प्रशिक्षक व्हायचं ठरलं. अहिल्येचा मुलगा दुसरीत, मुलींच्या संघाशी त्याचा संबंध नाही. पण दुसऱ्या शाळेचा प्रशिक्षक कोण आहे ते कळलं त्याच संध्याकाळी तिने मुलाच्या शाळेतल्या मोहियुद्दीन सरांना फोन केला आणि आपलं नाव दिलं.

तेव्हापासून तिने खेळ पाठ केला. खेळापेक्षा जास्त, खेळाचे नियम. दगड कुठून सोडायचा हे मुलींना हैफाने शिकवलं. कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे अहिल्येने शिकवलं. टाइमआउटच्या नियमातली एक गोष्ट तिला फार आवडली होती. टाइमआउट कुणीही घेवो, त्या एका मिनिटात दोन्ही प्रशिक्षकांना आपापल्या मुलींजवळ जाता येतं. म्हणजे आपण घेतला की समोरच्यालाही फुकटात बोलायला मिळतं. शशिकांतचा टाइमआउट असा हवेत विरला तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं, की आपला आता घ्यायचाच नाही. आपल्या मुलींचं काही अडो, न अडो. त्या माणसाला आज तोंड उघडायला मिळता कामा नये.

कारण एकदा त्याने तिच्या तोंडचे शब्द स्वतःच बोलून टाकले होते.

इथल्याच एका खासगी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत अहिल्या रक्त तपासायची आणि शशिकांत तिथला प्रमुख होता. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायचं सौदीकरण प्रयोगशाळांपर्यंत आलं त्या वर्षी त्याने नूरा नावाची नवी मुलगी तिच्या हाताखाली दिली. "हिला तयार कर, अहिल्या. शिकवणाऱ्याला कोण काढतं?" अहिल्येने तिला हातचं राखून न ठेवता शिकवलं. काचपट्टी कशी धरायची, यंत्रावर केव्हा विश्वास ठेवायचा नाही, हात न दुखवता लहान बाळाचं रक्त कसं घ्यायचं, सगळं. नूरा गुणी होती. अजूनही ईदला तिचा निरोप येतो, "माझ्या गुरूंना". तिच्यावर अहिल्येचा राग नव्हता. मुलगी आपल्या देशात आपलं काम शिकली, यात रागावण्यासारखं काय?

पण परदेशी दोघींपैकी एक राहणार होती. एक अहिल्या आणि दुसरी विद्या, शशिकांतची बायको. नोकरी सोडल्याच्या कागदांवर अहिल्येच्या सह्या घेताना कार्यालयातला माणूस सहज म्हणाला, "तुम्हीच सोडायचं म्हणालात ना? सर सांगत होते, घरी लहान मुलाकडे बघायचंय." अहिल्येने मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे शशिकांत पाठमोरा उभा होता आणि जे काम कधीच त्याचं नव्हतं ते, नळ्यांना चिठ्ठ्या लावण्याचं, मन लावून करत होता. दारातून निघताना एवढंच म्हणाला, "तुला काय, विपुलचा इकामा आहे. आरामात घरी बसायला मिळेल."

विपुल तिचा नवरा; त्याच्या इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, तिलाही इथे राहता येत होतं. तोही त्या रात्री हेच म्हणाला, फक्त प्रेमाने.

अहिल्या तेव्हा कुणालाच काही बोलली नाही. न बोललेले शब्द पोटात कुजत नाहीत, मुरतात. लोणच्यासारखे.

शेवटच्या फेरीला दोन्ही संघ बरोबरीत आले. जो ही फेरी घेईल त्याचा चषक. लाइबाचा एक दगड जाऊन अगदी मध्याला चिकटून बसला होता, लाल मुठीचा. आता दोनच दगड उरले होते, आधी लाइबाचा एक आणि मग सगळ्यांत शेवटी रुचिराचा. रुचिराने तो मधला लाल दगड उडवला आणि आपला तिथे ठेवला तर सामना त्यांचा. हुकली तर अहिल्येचा. लाइबा दगडाजवळ वाकणार, तोच मॉलच्या भोंग्यांतली गाणी बंद झाली आणि मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजची, बांग सुरू झाली.

हैफाने शिट्टी वाजवली. घड्याळं थांबली. मैदानावरचे मोठे दिवे निमाले, दुकानांची दारं अर्ध्यावर खाली आली. बदरुन्निसा शाल डोक्यावर ओढून बायकांच्या नमाजखोलीकडे गेली, मोहियुद्दीन सर दुसऱ्या बाजूला. जाता जाता हैफाने नेहमीची आठवण करून दिली. नमाजची सुट्टी म्हणजे टाइमआउट नाही. मुलींनी पाणी प्यावं, पाय मोकळे करावेत. प्रशिक्षकांनी खेळाबद्दल बोलायचं नाही. कुणी बोललं आणि दुसऱ्या प्रशिक्षकाने पुढचा दगड सुटायच्या आत तक्रार केली, तर बोलणाऱ्याच्या संघाचा एक दगड बाद.

भाड्याच्या बुटांच्या मांडणीमागे एक बुटकं बाकडं होतं. तिथे वारा लागत नसे. अहिल्या तिथे जाऊन बसली आणि तिने कानात फोनची बोंडकं घातली.

ती दिवसाकाठी थोडं तरी कीर्तन ऐकायचीच. इथे देवळं नाहीत, पण कानात कुणाला देऊळ दिसत नाही. हे कीर्तन तिच्या गावच्या राममंदिरातलं, जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं. पेटीवर तिचे वडील होते. मध्येच कुणाचं तरी मूल रडायचं, कुणी खोकायचं, आणि वडिलांची पेटी बुवांच्या मागे मागे, सावलीसारखी. वडील जाऊन आता पुष्कळ दिवस झाले होते. या कॅसेटमध्ये मात्र ते सूर धरून बसले होते.

आख्यान बळीराजाचं लागलं होतं. वामन दारात उभा आहे, बळीने दानाचं पाणी सोडायला झारी उचलली आहे.

"बघा हं," बुवा सांगत होते, "देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. साक्षात भगवंताचा हात खाली. बळीला केवढं वाटलं असेल! पण मंडळी, बळीला एक कळलं नाही. हातात झारी आहे तोवर बांधला गेलाय तो देणारा. घेणारा जोवर 'पुरे' म्हणत नाही, तोवर त्याची सुटका नाही. आणि हा बटू काही पुरे म्हणायला आलेला नव्हता..."

इथे बुवा थांबले आणि पेटी पुढे सरकली. त्या सुरांच्या फटीतून अहिल्येला मराठी बोलणं ऐकू आलं. तिने एका कानातलं बोंडूक काढलं.

मांडणीच्या पलीकडे, बुटांच्या रांगांआड, शशिकांत उभा होता. त्याच्यासमोर रुचिरा बसून आपल्या बुटाचा तळवा फडक्याने पुसत होती.

"शेवटचा दगड हलका सोड," तो म्हणाला.

अहिल्या ताठ बसली. खेळाबद्दल, सुट्टीत, नियम धाब्यावर बसवून. आता त्याचा शेवटचा दगडच बाद होणार. तिला काही करायचंही नव्हतं, नुसतं उठून हैफाला सांगायचं होतं.

"हलका कसा?" रुचिरा म्हणाली. "मग पोचणारच नाही तो."

"नाही पोचला तर चालेल."

"व्हॉट डू यू मीन, चालेल?"

"हळू बोल. त्या पलीकडच्या अहिल्यामावशी आहेत ना, त्या आमच्याकडे होत्या. त्यांचं एकदा मी..." तो अडला. "त्यांच्यावर अन्याय झाला होता थोडा. आज त्यांना जिंकू दे. एवढं माझ्यासाठी कर. आईला सांगू नकोस."

फडकं थांबलं.

"अन्याय कोणी केला होता?"

शशिकांतने मांडणीवरचा एक बूट उगाच सरळ करून ठेवला.

"बाबा, मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहाटे येते इथे. तुम्हीच आणता. तो दगड माझा आहे."

"बेटा, एक खेळ आहे हा."

रुचिराने बूट चढवला, नाडी इतकी आवळली की बोटं पांढरी पडली, आणि ती निघून गेली. मागे शशिकांत एकटा राहिला. त्याने एक सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात अहिल्येला जे ऐकू आलं ते दुःख नव्हतं. ओझं उतरवणाऱ्या हमालासारखा सुस्कारा होता तो.

कानातल्या दुसऱ्या बोंडकात पेटी अजून चालू होती. अहिल्येने ती बंद केली.

किती वेळा तिने हा सामना मनात खेळला होता. पोळ्या लाटताना, मुलाला शाळेतून आणताना, विपुल ऑफिसातल्या गोष्टी सांगताना. प्रत्येक वेळी शेवटी शशिकांतचं तोंड कसं पडतं ते तिने बघितलं होतं. आता तो चषक तिच्यासमोर दोन ताटांत वाढून ठेवलेला होता. तक्रार केली तरी तिचा, गप्प राहिली तरी तिचा. आणि त्याचं तोंड पडणार नव्हतं. तो घरी जाऊन पोटभर जेवणार होता. हिशेब मिटला, म्हणणार होता. तेव्हा तिचं काढून बायकोला दिलं होतं, आता मुलीचं काढून तिला देत होता. देतानासुद्धा ह्या माणसाने स्वतःचं काही म्हणून दिलं नव्हतं.

तिने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

दिवे लागले. मॉलची गाणी परत आली. हैफा ओल्या हातांनी अबायाच्या बाह्या खाली ओढत आली आणि तिने दोन्ही प्रशिक्षकांना नेहमीसारखं विचारलं,

"सुट्टीबद्दल कुणाची तक्रार?"

शशिकांतने मान हलवली. नाही.

"कोच अहिल्या?"

अहिल्या रुचिराकडे बघत होती. ती मुलगी आपल्या शेवटच्या दगडाशी उकिडवी बसून त्याचा तळ पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

"नाही," अहिल्या म्हणाली.

शिट्टी वाजली. डावीकडचं घड्याळ सुरू झालं. लाइबाने दगडाच्या मुठीला हात घातला, तेव्हा अहिल्येने दोन्ही तळवे उचलून एकमेकांवर धरले.

"टाइमआउट."

लाइबा चमकली. हैफानेही भुवया उंचावल्या, पण घड्याळ बघितलं आणि शिट्टी दिली. मिनिट सुरू झालं.

अहिल्या आपल्या मुलींकडे गेली नाही. कठड्याच्या कडेकडेने चालत ती शशिकांतजवळ जाऊन उभी राहिली. त्या सह्यांच्या दिवसानंतर ती त्याच्या इतकी जवळ आज पहिल्यांदाच येत होती. त्याच्या मिशा पिकल्या होत्या.

"जा सर," ती म्हणाली. "आता तुम्हालाही बोलता येतं."

"मला काही सांगायचं नाहीये तिला."

"सांगायचं नाहीये. सांगितलेलं परत घ्यायचंय."

त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्याने बुटांच्या मांडणीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या वायरकडे.

"तू ऐकलंस?"

"मिनिट चालू आहे."

"अहिल्या, मी तुझ्यासाठीच केलं ते. मला झोप लागत नाही गं कधी कधी..."

"माझ्यासाठी तुम्ही मागेही बोलला होतात. मी घरी बसायचं म्हणतेय म्हणून." तिचा आवाज अजिबात वाढला नव्हता. "त्या मुलीचं तिला परत करा. नाहीतर मी हैफाला सांगते, तुम्ही काय बोललात ते. इंग्रजीत सांगेन, सगळ्यांना कळेल असं. रुचिराच्या मैत्रिणींनाही."

"आणि मग तुझा काय फायदा? ती तो दगड उडवेल. ती चुकत नाही."

"माहीत आहे."

शशिकांत तिच्याकडे बघत राहिला. लॅबमध्ये कधीतरी एखाद्या नमुन्याचा निकाल कशातच बसायचा नाही, तेव्हा तो असा बघायचा. मग तो कठड्याचं दार ढकलून बर्फावर गेला. चपटे बूट घातलेला तो माणूस पावलं जपून टाकत मुलीजवळ पोचला, खाली वाकला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. रुचिराने मान वर केली नाही. तो अजून काही बोलला. तेव्हा तिने वर पाहिलं. बापाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, अहिल्येकडे. बराच वेळ.

"आंटी!" लाइबा कठड्याशी येऊन धापा टाकत होती. "टाइमआउट आपण घेतलाय, यू नो? मी काय करू, गार्ड टाकू?"

"तुला काय वाटतं?"

"गार्ड. समोर आड उभा करते एक. तिला सरळ वाट नाही मिळणार."

"मग टाक. छान टाक."

"एवढंच?"

"एवढंच."

लाइबाने एक दीर्घ श्वास घेतला आणि तो डोळे वर फिरवून सोडला, जसा ती घरी आईसमोर सोडायची. मिनिट संपलं.

लाइबाचा दगड सुरेख गेला. दोघी जणी झाडू घासत त्याच्यापुढे धावल्या आणि तो वर्तुळांच्या अलीकडे, नेमका मधल्या लाल दगडाच्या समोर आडवा येऊन थांबला. बदरुन्निसा बाकावरून उठून उभी राहिली. "माशाल्ला, माशाल्ला," ती शालीआडून पुटपुटत होती.

आता रुचिरा. तिने वाट बघितली. एकदा उठली, चालत पलीकडे गेली, वर्तुळांच्या मागे उभं राहून आपल्याच जागेकडे बघून आली. तिच्या घड्याळातले आकडे उतरत होते. मग ती वाकली, मागे झुलली आणि पुढे गेली. पुढे गेली म्हणजे सगळ्या अंगानिशी गेली, एक गुडघा बर्फाला टेकत, हात लांब, आणि सुटताना मुठीला तिने जरासा पीळ दिला. दगड सुरुवातीला भलतीकडेच निघाला. लाइबाच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. कारण अर्ध्या वाटेवर त्या दगडाला आपलं घर आठवावं तसा तो वळायला लागला. गार्डला न शिवता, त्याच्या कुशीतून आत शिरला आणि मधल्या लाल दगडावर आदळला. तो आवाज मॉलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल.

लाल दगड वर्तुळांच्या बाहेर गेला. रुचिराचा पिवळ्या मुठीचा दगड तिथेच गिरकी घेत राहिला.

रुचिराच्या शाळेच्या मुली किंचाळत एकमेकींच्या अंगावर पडल्या. लाइबा झाडूला टेकून उभी राहिली, डोळे भरलेले. मग रुचिरा स्वतःच घसरत तिच्याकडे आली, दोघी काहीतरी बोलल्या, आणि थोड्या वेळाने दोन्ही संघ एका फोनपुढे दाटीवाटीने उभे होते, झाडू वर धरून.

"काय गो हे," बदरुन्निसा अहिल्येला म्हणाली. "मिनिट घेतलंस नि त्या बाप्याशी बोलत बसलीस. माझ्या पोरीला काय सांगितलंस?"

"ती चांगलं खेळली, बदर. तिचं काही चुकलं नाही."

"ता मला दिसला. तुझा काय चुकला ता विचारतेय."

अहिल्येने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लाइबाकडे मात्र तिला बराच वेळ बघवलं नाही.

चषक शशिकांतला घ्यावा लागला. हैफाने तो त्याच्या हातात दिला, फोटो निघाले, आणि प्रत्येक फोटोत त्याने तो छातीपासून जरा दूर धरला होता, उष्टं भांडं धरावं तसा. विद्या आली नव्हती. तिची इस्पितळात ड्यूटी होती.

मग गहवा आला. या स्पर्धांतला हा हैफाने पाडलेला रिवाज होता. जिंकलेल्या प्रशिक्षकाने हरलेल्या प्रशिक्षकाला स्वतःच्या हाताने गहवा ओतायचा, वेलची घातलेली पिवळसर कडू कॉफी. सुरुवातीच्या एका सामन्यात अहिल्या हरली होती आणि तिला रीत ठाऊक नव्हती. समोरची सौदी बाई उभी राहून ओतत होती, अहिल्या समोर आलेल्याला नाही कसं म्हणायचं म्हणून पीत होती. चिमुकला कप, फिंजान, रिकामा झाला की ती आणखी ओती. शेवटी बदरुन्निसाने येऊन सोडवलं. "अगो, फिंजान हलव! दोन बोटांत धरून असं हलवलं की पुरे. तू हलवल्याशिवाय त्या बिचारीला ओतायचं थांबता येत नाय, बसताही येत नाय. सकाळपर्यंत उभी राहील ती." सगळ्या बायका किती हसल्या होत्या त्या दिवशी. अहिल्याही.

आता हैफाने लांब चोचीची पितळी दल्ला, गहव्याची झारी, शशिकांतच्या डाव्या हातात दिली. अहिल्या खुर्चीवर बसली. तिने उजव्या हाताने बिनकानाचं, चिमुकलं फिंजान उचलून पुढे धरलं. त्याने ओतलं. तळाला घोटभर, रीतीप्रमाणे.

ती प्यायली. फिंजान पुढे केलं.

त्याने ओतलं.

"अहिल्या," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

तिने घोट घेतला. गहवा छान झाला होता, वेलची ताजी होती. तिने फिंजान पुढे केलं.

त्याने ओतलं. या वेळी थेंबभर तिच्या बोटावर सांडलं. तिने ते पुसलं नाही. मागे मुली चषकात चॉकलेटं भरत होत्या. रुचिरा मात्र त्यांच्यात असूनही नव्हती, ती आपल्या उभ्या बापाकडे बघत होती.

"तू काहीतरी बोल," शशिकांत म्हणाला.

तिने फिंजान पुढे केलं.

हैफाने खुर्च्या आवरायला सुरुवात केली होती. बर्फ सारखा करणारं यंत्र घरघरत मैदानात शिरलं. मोहियुद्दीन सरांनी दारातून हाक मारली, यल्ला, बस निघतेय. मुली निघाल्या. बदरुन्निसा पिशव्या उचलून अहिल्येच्या मागे येऊन थांबली. तिने शशिकांतकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या दल्लेकडे पाहिलं, मग अहिल्येच्या हाताकडे.

"अगो, हलव ना फिंजान," ती म्हणाली. "शिकवला होता ना तुला?"

"हो," अहिल्या म्हणाली. "आठवतंय."

आणि तिने फिंजान पुढे केलं.